केरो स्थानक, वस्ती एक

देगलूरच्या बसस्टँडवरून मी निघाले तेव्हा कोणी रडलं नाही. रडण्यासारखं काही घडतंय असं कोणाला वाटतच नव्हतं. पुण्याला शिकायला जाणाऱ्यांच्या हातावर दही पडायचं, गल्लीतल्या बायका ओवाळायच्या, चार माणसं स्टँडपर्यंत पोचवायला यायची. मी चालले होते हैदराबादला, म्हणजे आमच्या लेखी घरातल्याच दुसऱ्या खोलीत. "हैदराबाद काय परमुलूख आहे का?" असं बाबा आठवडाभर येईल त्याला सांगत होते. "आपल्या जमिनीचे जुने कागद अजून उर्दूतच आहेत." दादानं माझी वळकटी आंध्राच्या लाल बसच्या टपावर चढवली, दोरी दोनदा ओढून पाहिली आणि खाली उतरून हात झटकले. आई खिडकीखाली उभी राहून म्हणाली, "पोचल्यावर फोन कर. उशीर झाला तरी कर." बस सुटली. मी मागे वळून पाहिलं तर तिघंही घराकडे निघाले होते, दादा सायकल हातात धरून चालत होता आणि बाबा त्याला काहीतरी समजावून सांगत होते. मला ते पाहून बरं वाटलं होतं, हे मी लपवत नाही.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्याचं आयटीआय झालं तेव्हा हैदराबादच्या एका पंख्याच्या कारखान्यातून त्याला पत्र आलं होतं. बाबा जेवताना म्हणाले, "दोघांतल्या एकानं तरी घरी राहायला पाहिजे." एवढंच म्हणाले आणि ताक मागितलं. दादानं पत्राची घडी केली, महिन्याभरात बाजारात मोटार वायंडिंगचं दुकान टाकलं आणि पंचक्रोशीतल्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करू लागला. पुढे माझी वेळ आली तेव्हा बाबा ते वाक्य बोललेच नाहीत. बोलायची गरज नव्हती, एक जण राहिलेला होताच. तेव्हा हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मी जाऊ शकले ती दादा राहिला म्हणून.

तुमच्यापैकी जे घर सोडून निघाले त्यांना पहिल्या वर्षाचं काय सांगायचं? नल्लकुंट्याच्या लेडीज हॉस्टेलात चार तेलुगू मुली आणि मी. सकाळच्या उपम्याला मी हळूहळू शरण गेले. सहा महिन्यांत हैदराबादी "हौ" आणि "नक्को" तोंडात बसलं, वर्षभरात भाजीवालीशी तेलुगूत घासाघीस करू लागले. दर रविवारी घरी फोन लावायचा. दादा उचलायचा आणि म्हणायचा, "इकडं सगळं ठीक हाय. तुझं सांग." वीस वर्षं हेच. आता अंबरपेठेत राहते, भाड्याच्या दोन खोल्यांत. वरच्या मजल्यावर पुण्याहून आयटीत आलेलं एक मराठी कुटुंब आहे. त्यातल्या बाई माझं बोलणं ऐकून "किती गोड मराठी हो तुमचं!" म्हणतात. त्या मनापासून म्हणत असतील, पण परक्या देशातून आलेल्या पाहुणीला म्हणावं तसं म्हणतात. आणि देगलूरला गेलं की तिथले म्हणतात, हिचं आता अर्धं तेलुगू झालंय. अशा गोष्टींचं पूर्वी वाईट वाटायचं. आता थकायला होतं फक्त.

बाबा गेले, मग आईही गेली. आईला जाऊन दोन वर्षं झाली. घरात दादा एकटाच उरला. लग्नाचं बघू बघू म्हणत राहूनच गेलं. मी फोनवर म्हणायची, "दादा, ये ना चार दिवस." तो म्हणायचा, "दुकान कोण बघील?" आणि मी लगेच मान्य करायची. फार आग्रह कधी केला नाही.

माझं काम थोडं विचित्र आहे. माधापूरच्या ज्या कंपनीत मी आहे ती परदेशी मालिकांवरची पुस्तकं तयार करते. मालिका संपली तरी तिचे चाहते संपत नाहीत. त्यांच्यासाठी जाडजूड अधिकृत संदर्भग्रंथ निघतात, त्यात यानांचे नकाशे, ग्रहांची माहिती, कोण कुठं जन्मलं, कोण कोणत्या भागात मेलं, सगळं असतं. नियम एकच. पडद्यावर दिसलं ते खरं, दिसलं नाही ते "माहिती नाही". प्रत्येक नोंदीपुढे भागाचा क्रमांक आणि मिनिट लिहायचं. स्वतःच्या मनाचं एक अक्षर घालायचं नाही. मी अकरा वर्षं हे करत आले. कोणत्या खलाशाचा कोणता डोळा निकामी आहे हे मला बाजारच्या यादीपेक्षा पक्कं माहीत असायचं.

मागच्या वर्षी 'ध्रुवयान'चा ग्रंथ आमच्याकडे आला. मूळ इंग्रजी नाव वेगळं, पण हिंदीत डब होऊन रविवारी सकाळी लागायची तेव्हा तिचं नाव हेच होतं. माझं आणि दादाचं बालपण त्या मालिकेत गेलं. अडचण एकच होती, देगलूरला रविवारी सकाळी बरेचदा लाइट जायची. पण सीमेपलीकडे, आंध्रातल्या मदनूरला असायची. चौदा-पंधरा वर्षांचा दादा अशा वेळी सायकल काढायचा, तिथल्या एका चहाच्या हॉटेलात उभं राहून भाग बघायचा आणि परत येऊन मला सांगायचा. दुपारपर्यंत मी उंबऱ्यावर बसून राहायची. तो यायचा, घागरीतलं पाणी प्यायचा आणि मग सगळं करून दाखवायचा, यानाचे आवाज, दारांचे आवाज, कप्तानाचं खाकरणं. ते झालं की बियाण्यांच्या दुकानातून फुकट मिळालेल्या डायरीत सगळं लिहून ठेवायचा. आई गेल्यावर कपाट आवरताना ती डायरी त्यानं मला दिली. "तुझ्या कामाची हाय," म्हणाला.

यानावर तालिन नावाची एक स्वयंपाकीण होती. मला कप्तानापेक्षा तीच आवडायची. ती केरो नावाच्या एका लहानशा स्थानकावरून आली होती. अंतराळात टांगलेली वीस-पंचवीस माणसांची वस्ती आणि येणाजाणाऱ्या यानांसाठी एक मोठा दिवा. एका भागात ते स्थानक बंद करायचा हुकूम येतो. माणसं निघतात. पण तालिनचा भाऊ म्हणतो, मी राहतो, दिवा कोणीतरी लावायला पाहिजे. आणि तालिन दूरवरून, यानाच्या खिडकीतून, तो दिवा पेटलेला बघते. हा प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर इतका स्वच्छ होता की त्या भावाचं पाठीतलं पोकसुद्धा मी सांगू शकले असते.

ग्रंथाचं काम चौघांत वाटलेलं होतं. पहिल्या वर्षाचे भाग ज्या मुलीकडे होते तिनं मध्येच नोकरी सोडली. पंधरा दिवसांत तिच्या राहिलेल्या नोंदी माझ्या टेबलावर आल्या. बाकीचे भाग मी नियमाप्रमाणे बघितले. केरोचा भाग मात्र नाही बघितला, कारण तो मला पाठ होता. खात्रीसाठी दादाची डायरी उघडली, त्यातही तेच होतं. मी लिहिलं: केरो स्थानक. स्थिती, चालू. वस्ती, एक. दिवा, पेटता. मिनिटाच्या रकान्यात अंदाजानं आकडा टाकला. अकरा वर्षांत पहिल्यांदा टाकला.

पुस्तक छापून आलं, तिकडे परदेशात विकलंही गेलं. महिन्याभरात मालिकेच्या मालकांकडून एक मेल आली. चाहते विचारतायत, केरोवर माणूस कुठून आला? त्या भागात तर स्थानक रिकामं होतं. एवढंच असतं तर मी चाहत्यांची चूक म्हणून सोडून दिलं असतं. पण चाहत्यांत म्हणे दोन तट पडले होते. अर्धे म्हणत होते की अधिकृत ग्रंथात आहे म्हणजे खरंच असणार, काहीतरी गुपित आहे, आणि त्या भावावर गोष्टी लिहू लागले होते. मालकांना नोंदीचा आधार लेखी हवा होता. माझे साहेब हैदराबादचेच, कधी आवाज चढवत नाहीत. त्यांनी मला केबिनमध्ये बसवून फक्त विचारलं, "मैडम, आप देखे थे ना ये?" मी म्हटलं, "हौ सर, देखी थी." आणि तेव्हाही मला ते खरंच वाटत होतं.

जेवणाच्या सुट्टीत दादाला फोन लावला. मागे मोटारीवर तार गुंडाळायच्या यंत्राची घरघर चालू होती.

"दादा, केरोचा भाग आठवतो? तालिनचा भाऊ एकटा राहतो, तो?"

तो हसला. "अजून ते डोक्यात घेऊन बसलीस व्हय तू?"

"आपण दोघांनी बघितला होता ना तो भाग?"

"मी बघितला की, मदनूरला."

"मग भाऊ राहतो ना तिथं?"

घरघर थांबली. त्यानं यंत्र बंद केलं असावं. "नाही राहत," तो म्हणाला. "दिवा बंद करून तोबी जातो. तुला कावीळ झाली होती तवा, पिवळी पडून निजलेली. खरं सांगितलं असतं तर रडत बसली असतीस. म्हणून म्हणलं, राहिला. मग डायरीतबी तसंच लिहिलं, तू वाचशील म्हणून."

म्हणजे मी काहीच पाहिलेलं नव्हतं. तीस वर्षं जे पाहिलं म्हणून छातीठोक सांगत होते ते दादानं उंबऱ्यावर बसून करून दाखवलेलं होतं. ते पोक त्याचंच असेल, मला हसवायला काढलेलं. मला हसू येत होतं. अकरा वर्षांची नोकरी अशा गोष्टीवरून घसरावी याचा रागही आला. मी काही बोलणार तेवढ्यात दादा म्हणाला, "बेबी, तुझा फोन आलाच हाय तर सांगतो. मीबी आता तिकडंच यावं म्हणायलो. दुकानात मन लागंना. पाठ धरायली. तिथं कुठंतरी वायंडिंगचं काम मिळंलच की."

आणि मी काय म्हणाले? ये म्हणाले नाही. पाठीला काय झालं विचारलं नाही. माझ्या तोंडून निघालं, "मग घरी कोण राहणार?"

तो म्हणाला, "कुलूप राहील की." आणि गिऱ्हाईक आलंय म्हणून फोन ठेवला.

तो रविवार फोनाविना गेला. मी केला नाही, त्यानंही केला नाही. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. मी दिवसभर घरातल्या घरात फिरत होते. माझं मलाच कळत होतं की चुकीच्या नोंदीपेक्षा ते एक वाक्य वाईट आहे. बाबांचंच वाक्य होतं ते, फक्त माझ्या तोंडून आलेलं. बाबांनी निदान एका मुलाला ठेवून दुसरीला सोडलं होतं. मी तर स्वतः मोकळी होऊन वर त्याला राहा म्हणत होते, आणि तेही कशासाठी, तर फोन लावला की तिकडून कोणीतरी "सगळं ठीक हाय" म्हणावं म्हणून. लोक विचारायचे, "गाँव में कौन हैं?" मी म्हणायची, "भाई हैं ना." त्या तीन शब्दांवर मी इथे निवांत झोपत होते. त्याला झोप लागते का, हे कधी विचारलं नव्हतं.

सोमवारी ऑफिसात गेले आणि तो भाग शेवटी पाहिला. हेडफोन लावून, नियमाप्रमाणे, मिनिटं लिहीत. केरोची माणसं एकेक करून छोट्या यानात चढतात. भाऊ सगळ्यांत शेवटी राहतो. मला वाटलं होतं तसा तो वाकलेला वगैरे नाही, चांगला उंच आणि धडधाकट आहे. तो दिव्याची कळ खाली ओढतो, पिशवी उचलतो आणि निघतो. तालिन खिडकीतून तो ठिपका विझताना बघते आणि पुन्हा कंद सोलायला बसते. बस, सव्वा मिनिटाचा प्रसंग. मी तो तीनदा पाहिला, कारण पहिल्या दोन वेळा माझा विश्वास बसला नाही. निघताना त्या भावाच्या चेहऱ्यावर दुःख नाहीच. तो सुटल्यासारखा दिसतो. दादानं हा चेहरा मदनूरच्या हॉटेलात उभं राहून पाहिला होता. आणि मग उन्हातान्हाचा तितकी सायकल मारत येऊन मला नेमकं उलटं सांगितलं, कारण मला कोणीतरी तिथं राहिलेलं हवं होतं. मी हेडफोन काढले आणि टेबलावर डोकं ठेवून रडले. शेजारच्या टेबलावरचा पोरगा घाबरून पाणी घेऊन आला, त्याला सांगितलं की डोकं दुखतंय.

दुरुस्तीच्या फॉर्ममध्ये एक रकाना असतो, चुकीचं कारण. लोक तिथे टंकनदोष लिहून मोकळे होतात. मी लिहिलं की हा भाग मी पाहिलेला नव्हता, लहानपणी भावानं सांगितलेलं मी पाहिलंय असं समजत होते. साहेबांनी ते वाचलं, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "इतना सच नक्को लिखते मैडम फॉर्म में." तरी त्यांनी ते तसंच पुढे पाठवलं. नोंदी लिहिण्याच्या कामावरून मला काढलं, आता मी दुसऱ्यांनी लिहिलेल्या नोंदींची मिनिटं तपासते. ठीक आहे. साहेबांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. नव्या आवृत्तीसाठी माझ्या हातची शेवटची नोंद गेली ती अशी: केरो स्थानक. स्थिती, बंद. वस्ती, नाही. यावेळी मिनिट बरोबर होतं.

ती पाठवली आणि जिन्यात उभं राहून दादाला फोन लावला. "दादा, ये," म्हटलं. "कधी येतोस?"

"घराचं काय?" त्यानं विचारलं. मला वाटतं, तो मला तपासत होता.

"कुलूप लाव आणि ये."

दादा येऊन दोन महिने होत आले. अंबरपेठेतच एका दुकानात काम मिळालं, तिथले लोक आत्ताच त्याला उस्ताद म्हणायला लागलेत. त्याचं तेलुगू माझ्यापेक्षा चांगलं निघालं. इथल्या पाण्याला चव नाही, ज्वारीचं पीठ जाडं दळतात, पंखा आवाज करतो, अशा त्याच्या तक्रारी सकाळपासून चालू असतात. पंखा त्यानं स्वतःच उतरवून नीट केला, तरी तक्रार आहेच. देगलूरहून शेजाऱ्यांचा फोन आला होता, परसातली भिंत एका बाजूनं खचली म्हणून. आम्ही दोघांनी ऐकून घेतलं आणि बघू म्हटलं.

मागे राहिलेल्यांनो, तुम्हाला वाटत असेल की भाऊ आला, आता हिचं सगळं छान झालं. तसं काही नाही. दोन खोल्यांत दोन हट्टी माणसं राहतात. रविवारी सकाळी हात अजून आपोआप फोनकडे जातो आणि मग लक्षात येतं की त्या नंबरावर आता कोणी नाही. आपल्या गावी आपल्या घरात एक दिवा लागतोय, या विचारावर मी इतकी वर्षं काढली, तो विचार गेल्यावर आत रिकामं वाटतं. घर कुठलं असं आता कोणी विचारलं तर मला पटकन गावाचं नाव घेता येत नाही. ज्या जागेत राहा म्हणून कोणी कोणाला अडवत नाही तिला घर म्हणावं, इतपत मी आले आहे. याच्या पुढचं मला अजून कळलेलं नाही.

काल जेवताना दादा म्हणाला, "बेबी, तुला खरंच वाटलं होतं व्हय, तो एकटाच राहिला असंल तिथं?"

"हो," मी म्हटलं.

"आणि दिवसभर करत काय असंल तो?"

तीस वर्षांत हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. त्याच्याबद्दलही नाही आणि दादाबद्दलही नाही. "मला माहीत नाही, दादा," मी म्हटलं. "मी कधी विचारलंच नाही."

"मग इचार की आता."

मी हातातला घास ताटात ठेवला आणि विचारलं.

"सकाळी सहाला उठायचो," दादा सांगू लागला.